उभ्याने ओव्हरहेड प्रेस: खांदे पंचवीस किलोवर अडलेत, पुढे कसं जायचं?

कर्वेनगरची
नमस्कार मंडळी. वय ४१, नोकरी पूर्ण बैठी. बऱ्याच दिवसांपासून घराजवळच्या जिमला नियमित जातेय. स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलणं) दोन्ही नीट वाढतायत. अडलंय ते एकाच ठिकाणी. उभं राहून रॉड खांद्यावरून डोक्यावर न्यायचा तो ओव्हरहेड प्रेस. वीस किलोचा रिकामा रॉड पाच-पाचच्या सेटमध्ये छान जातो. साडेबावीसही जातं. पंचवीस लावले की पहिलं रेप (रॉड एकदा वर नेऊन खाली आणणं) कसंबसं होतं आणि दुसरं बरोबर कपाळासमोर थांबतं. तिथून पुढे रॉड हलतच नाही.

जिममधले ट्रेनर म्हणतात, "मॅडम, हे सोडा, मशीनवर बसून करा. बायकांचे खांदे यासाठी नसतात." मला हे अजिबात पटत नाही. या एका व्यायामात टाचेपासून मनगटापर्यंत सगळं कामाला लागतं, आणि रॉड डोक्यावर स्थिर झाला की जे वाटतं ते मशीनच्या दांड्या ढकलून वाटत नाही. मला हाच व्यायाम करायचा आहे आणि यातच पुढे जायचं आहे.

तर विचारायचं असं, की हे अडणं नेहमीचं आहे का? इतरांचं कुठे अडलं होतं आणि कसं सुटलं? खांदा दुखत नाही, हे आधीच सांगते.

लोखंडप्रेमी
ताई, आधी आकडे बघा. साडेबावीसवरून पंचवीस म्हणजे अडीच किलोची वाढ, म्हणजे थेट ११ टक्के. तेच अडीच किलो तुम्ही साठ किलोच्या डेडलिफ्टवर लावलेत तर वाढ ४ टक्के. डेडलिफ्टला कोणी एकदम ११ टक्के वजन चढवत नाही, पण प्रेसला आपण सगळे तेच करतो, कारण जिममधली सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची असते आणि ती दोन्ही बाजूंना लावावी लागते. काही ठिकाणी तर अडीचच्या खाली प्लेटच नसते, मग उडी पाच किलोची!

तुमचे खांदे कमी पडत नाहीयेत, पायऱ्या उंच आहेत. अर्धा-अर्धा किलोच्या प्लेट मिळवा. एका वेळी एक किलो वाढवा. माझ्या बायकोचा प्रेस असाच सुटला.

आणि अडणं अगदी नेहमीचं आहे. मोठ्या लिफ्टमध्ये सगळ्यात आधी प्रेसच अडतो, पुरुषांचाही. पाय आणि पाठीच्या मानाने खांद्याचे आणि दंडामागचे स्नायू लहान. त्यांच्याकडून दर आठवड्याला अडीच किलोची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

बाकरवडी_बिनसाखर
वाचतेय. माझा पण हाच प्रश्न आहे, फक्त माझा रिकाम्या रॉडवरच अडलाय :)

सिंहगड_दर_रविवारी
एक शंका. स्पर्धेत उतरायचं नसेल तर एवढं वजन डोक्यावर न्यायची गरज काय? आम्ही आतकरवाडीतून सिंहगड चढतो, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, खाली परत. पन्नाशीतही तब्येत ठणठणीत. साध्या माणसाला एवढं पुरे.

कर्वेनगरची
@सिंहगड_दर_रविवारी, गड मलाही आवडतो, पण गड पायांचा आणि दमाचा. दिवाळीआधी माळ्यावरून पितळेचं मोठं पातेलं काढायचं आणि परत ठेवायचं, डेक्कन क्वीनमध्ये वरच्या फळीवर बॅग टाकायची, या कामांना पाय पुरत नाहीत. माझ्या आईला आता हात डोक्याच्या वर गेला की भांडं पेलवत नाही. मला साठीतही ते जमायला हवंय.

जुना_लिफ्टर
तरुणपणी वेटलिफ्टिंग केलं, आता मुलांना शिकवतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण या लिफ्टवर माझा जीव आहे.

आधी ट्रेनरच्या त्या वाक्याबद्दल. सिडनीला २००० साली बायकांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. टोकियोत मीराबाई चानूने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कला (रॉड आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११५ किलो डोक्यावर नेले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. जर्कमध्ये पायांचा धक्का असतो, प्रेसमध्ये नसतो, हे खरं. पण ते वजन वर गेल्यावर पेलून धरतात ते खांदेच ना!

आता प्रेस. ही लिफ्ट एके काळी ऑलिम्पिकमध्येच होती. १९२८ ते १९७२ प्रेस, स्नॅच (रॉड जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि जर्क अशा तिन्ही लिफ्टची बेरीज व्हायची. सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेव्हने १९७२ साली २३६.५ किलो प्रेस केला. त्याच वर्षीच्या म्युनिकनंतर प्रेस बंद झाला. कारण लिफ्टर कंबरेतून इतके मागे वाकू लागले की हा खांद्याचा जोर की छातीचा, हे पंचांना ठरवता येईना. आजही जिममध्ये प्रेस बिघडतो तो इथेच. वजन अडलं की माणूस मागे वाकतो, उभ्याने केलेला इनक्लाइन बेंच (तिरक्या बाकावर टेकून छातीने ढकलणं) होतो, आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो.

रॉड कॉलरबोनच्या वर, खांद्याच्या पुढच्या भागावर घ्या. पकड खांद्यापेक्षा किंचित बाहेर, जास्त रुंद नको. समोरून कोणी पाहिलं तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा सरळ दिसला पाहिजे, बाहेर तिरका गेलेला नको. बाजूने पाहिलं तर कोपर रॉडच्या थोडं पुढे. रॉड बोटांत धरू नका, अंगठ्याच्या बुडाशी जी गादी आहे तिच्यावर ठेवा, म्हणजे मनगट मागे मोडत नाही. मग गुडघे ताठ, नितंब घट्ट आवळलेले, पोट कोणी बुक्का मारणार आहे असं समजून कडक. श्वास खाली भरून घ्या, रोखा, आणि ढकला.

रॉड सरळ रेषेत वर गेला पाहिजे आणि वाटेत तुमचा चेहरा आहे. तेव्हा रॉडने नाकाला वळसा घालायचा नाही, डोक्याने मागे व्हायचं. हनुवटी आत ओढा. रॉड कपाळाच्या वर गेला रे गेला की खिडकीतून डोकावल्यासारखं डोकं आणि छाती दोन्ही हातांच्या मधून पुढे आणा. तुमचं दुसरं रेप कपाळासमोर थांबतं म्हणालात, तिथेच सगळ्यांचं थांबतं. त्या उंचीवर पुढच्या खांद्याचा जोर संपत आलेला असतो, ट्रायसेप्सने (दंडामागच्या स्नायूंनी) अजून पूर्ण ताबा घेतलेला नसतो. त्यात डोकं मागेच राहिलं तर रॉड शरीराच्या पुढे पडतो आणि वजन आहे त्यापेक्षा जड वाटतं. शेवटी रॉड, खांदे आणि पायाचा मध्य एका ओळंब्यात हवेत.

व्हिडिओ बाजूने काढा. समोरून काढलेल्या व्हिडिओत यातलं काही दिसत नाही.

बाकरवडी_बिनसाखर
हा प्रतिसाद छापून जिमच्या आरशावर लावायला हवा. वाचनखूण साठवली.

अण्णा_शनिवारपेठ
मी ६७ वर्षांचा आहे. आमच्या लहानपणी रॉड नव्हते असं नाही, पण वस्ताद पोरांना आधी लाल मातीत जोर मारायला लावायचे आणि मग हातात करेल, म्हणजे फिरवायचा जड सोटा, द्यायचे. करेल डोक्यामागून फिरवताना खांद्याचा सांधा चारही बाजूंनी फिरतो. तुमचा रॉड वर जातो आणि खाली येतो, बस्स. खांदा काही दरवेळी वर-खालीच वापरायचा नसतो. आजही रोज सकाळी करेल फिरवतो, हात पाठीमागे नेऊन बनियनची गाठ बांधू शकतो. माझ्या वयाच्या किती जणांना जमतं बघा.

ताई, रॉड ठेवा महिनाभर बाजूला. जोर मारा आणि हलकी करेल फिरवा. मग परत रॉड धरा.

लोखंडप्रेमी
अण्णा, बनियनला गाठ??

अण्णा_शनिवारपेठ
बंडी असते, तिला बंद असतात. तुम्ही टीशर्टवाले.

जुना_लिफ्टर
अण्णांचं निम्मं मला मान्य आहे. करेल आणि मुदगलाने (तसाच फिरवायचा लाकडी सोटा) खांदा मोकळा आणि चिवट होतो, मीही मुलांना हलके मुदगल फिरवायला देतो. पण रॉड बाजूला ठेवा हे मान्य नाही. ताकद वाढवायची तर वजन थोडं थोडं चढवता आलं पाहिजे, आणि ते रॉडवर जितक्या बारकाईने जमतं तितकं करेलीवर जमत नाही. चार किलोच्या करेलीनंतर पुढची सहा किलोची, मधलं काही नाही. आणि लांब दांड्याच्या टोकाला वजन असलं की दोन किलोही मनगटाला भारी पडतात. आधी प्रेस करा, सरावाच्या शेवटी करेल फिरवा. दोन्ही नांदतात.

फिजिओ_औंध
चर्चा छान चालली आहे. माझ्याकडे येणारे निम्मे खांदे लॅपटॉपवाले असतात, तेव्हा थोडं लिहिते.

हात पूर्ण वर जातो तो एकट्या खांद्याच्या सांध्यातून नाही. साधारण १८० अंशांपैकी १२० सांधा देतो आणि उरलेले ६० पाठीवरचा खांद्याचा फरा वर फिरून देतो. दिवसभर पाठीला पोक काढून बसलेल्या माणसाचा फरा नीट फिरत नाही आणि पाठीचा वरचा भाग ताठ होत नाही. मग शरीर उरलेलं अंतर कंबरेतून काढतं. जुना_लिफ्टर म्हणतात ते मागे वाकणं बऱ्याचदा इथूनही येतं, केवळ वजनामुळे नाही.

घरी तपासायचं असेल तर भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा, टाचा वीतभर पुढे. कंबर भिंतीला चिकटलेली ठेवा आणि कोपरं सरळ ठेवून दोन्ही हात समोरून वर न्या. कंबर न सुटता अंगठे भिंतीला लागले तर प्रेस करायला हरकत नाही. आधीच कंबर सुटली तर रोज पाच मिनिटं पाठीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन छाती उघडा, भिंतीवर हात सरकवत वर न्या, आणि तोवर रॉडचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक एका हाताने तिरकं ढकला. लँडमाइन प्रेस म्हणतात त्याला. हात पूर्ण डोक्यावर न जाताही खांद्याला काम मिळतं.

आणखी एक. रॉड वर लॉक झाल्यावर खांदे मुद्दाम कानांकडे उचला. "खांदे खाली दाबून ठेवा" हा सल्ला जिममध्ये सर्रास देतात, पण हात डोक्यावर असताना फरा खाली दाबला तर सांध्यातली जागा वाढायला मदत होत नाही.

हात बाजूने उचलताना मधल्याच टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांत, चमक येत असेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर प्रेस थांबवा आणि दाखवून घ्या. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत फ्रोझन शोल्डर (खांदा आखडून हलेनासा होणं) जास्त दिसतो. तो ढकलून सुटत नाही.

पाषाणकर
५८ वय, बीपीची गोळी चालू आहे. हे वाचून हात शिवशिवतायत. मी करू का?

फिजिओ_औंध
@पाषाणकर, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, तेही बीपी आटोक्यात असताना. श्वास रोखून जोर लावला की त्या क्षणी रक्तदाब बराच वर जातो, म्हणून तुमच्यासाठी श्वास रोखणं नको. वर ढकलताना सोडायचा. आणि वजन असं, की दहा रेप झाल्यावरही आणखी दोन-तीन करता येतील. अगदी शेवटच्या ताकदीचं रेप तुम्ही कधीच करायचं नाही.

पाषाणकर
धन्यवाद. सोमवारी डॉक्टरांकडे जातो आहेच, विचारतो.

जिमवाला_सिंहगडरोड
मी ट्रेनर आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. "बायकांचे खांदे" हे वाक्य चूकच, त्याची पाठराखण करणार नाही. पण मशीन सुचवण्यामागे कारण असतं. संध्याकाळी सातच्या बॅचला एका ट्रेनरकडे वीस-पंचवीस जण. नवा माणूस डोक्यावर रॉड घेऊन उभा आहे आणि माझी पाठ त्याच्याकडे आहे, ही वेळ मला नको असते. मशीनवर किमान पाठीला टेकू असतो. मी सुरुवातीला मशीन, मग बसून डंबेल आणि मग उभ्याने रॉड या क्रमाने नेतो. बसून करताना पाय आणि कंबर वजा होतात, त्यामुळे खांद्यावर लक्ष देता येतं.

जुना_लिफ्टर
तुमची अडचण समजते, एका माणसाने पंचवीस जण सांभाळणं सोपं नाही. पण क्रम मी उलटा ठेवीन. रिकामा रॉड किंवा अगदी प्लास्टिकचा पाइप घेऊन उभ्यानेच सुरू करा. उभ्याने पाय, नितंब, पोट यांनी मिळून रॉडखाली खांब उभा करायचा असतो आणि ते शिकायला हलकं वजन सगळ्यात चांगलं. मशीनवर तो खांब बाकडं पुरवतं, मग महिनोन्महिने ढकलूनही उभं राहायची वेळ आली की माणूस डगमगतो. आणि बसून जड वजन ढकलताना सगळा भार पाय न वाटून घेता कण्यावर येतो, म्हणून कंबर दुखणाऱ्याला बसून करणं सोपं पडेलच असं नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर उभ्याने रेप चुकलं की रॉड परत खांद्यावर येतो. बेंच प्रेससारखा छातीवर अडकत नाही.

जिमवाला_सिंहगडरोड
रॉड खांद्यावर परत येतो हे खरं आहे. पाइपची कल्पना सकाळच्या बॅचला करून बघतो, तेव्हा गर्दी कमी असते. मानेमागून करणाऱ्यांचं काय करावं? रोज दोन-तीन जण दिसतात.

फिजिओ_औंध
ज्यांचा खांदा तेवढा मोकळा आहे ते करू शकतात, पण तसे खांदे ऑफिसवाल्यांत क्वचित. मान पुढे झुकवून रॉड मागे घालत असतील तर थांबवा.

ध्वजवाला
थोडं अवांतर. मी ढोल-ताशा पथकात ध्वज घेतो. लोकांना ढोल दिसतात, ध्वजाचं कोणी विचारत नाही. लांब दांडा, टोकाला जड कापड, त्यात वारा. लक्ष्मी रस्त्यावर तासन् तास तो नाचवायचा आणि हात खाली येऊ द्यायचा नाही. आमच्यातल्या एकाने प्रेस सुरू केला आणि नदीपात्रातल्या सरावात त्याचा फरक सगळ्यांना दिसला, ध्वज डोक्यावर असताना कोपर वाकेनासा झाला. आता आम्ही चौघे करतोय. गणपती जवळ आले की रोज सराव असतो, तेव्हा प्रेस चालू ठेवावा का?

जुना_लिफ्टर
चालू ठेवा, पण अर्धा. आठवड्यात एकदाच, दोन सेट, नेहमीच्या वजनाच्या तीन चतुर्थांशावर. खांदे रोज ध्वजाने थकलेले असताना वजन वाढवायला जाऊ नका. विसर्जनाच्या आधीचा आठवडा पूर्ण सुट्टी.

अण्णा_शनिवारपेठ
ध्वजावरून आठवलं. जेजुरीला दसऱ्याला खंडोबाचा खंडा उचलतात, सुमारे ४२ किलोची तलवार. एका हाताने तोलून धरतात, काही जण दातांनीही उचलतात. रात्रभर पालखीचा सोहळा आणि सकाळी ही स्पर्धा. खांद्याची ताकद बघायची तर तिथे जा. मी दोनदा पाहिली आहे, डोळ्यांचं पारणं फिटतं.

लोखंडप्रेमी
४२ किलो एका हातात, तेही सगळं वजन पुढे पसरलेलं! अण्णा, यंदा जाऊया. गाडी माझी.

सांगलीकर_हल्ली_पुण्यात
खांद्यांचा आणि कोपरांचा विषय निघाला आहे तर आमच्या संकेत सरगरचं नाव यायलाच हवं. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो, रौप्य. सोन्यासाठी जोर लावताना कोपर दुखावलं, तरी पुन्हा रॉडपाशी आला. सांगलीत पानटपरी चालवणाऱ्या बापाचा पोरगा. त्या रात्री सांगलीत आम्ही झोपलो नव्हतो.

डबेवाली_नाही
अवांतर थांबवून खाण्याचं विचारते. दोन्ही वेळ पोळी-भाजी आणि वरण-भात खाऊन प्रेस वाढतो का?

लोखंडप्रेमी
थोडा वाढतो, मग थांबतो. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धरा. साठ किलोच्या बाईला नव्वद ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम असतात, तेव्हा वरणावर हिशोब बसत नाही. अंडी, पनीर, दही, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं, चालत असेल तर चिकन, आणि सकाळच्या पोह्यांत मूठभर दाणे जास्त. पोहे सोडायला सांगत नाही, पुण्यात ते कोणी ऐकणारही नाही.

कसब्यातला_वाडा
घरी करणाऱ्यांसाठी एक सूचना. सहा फुटी माणसाने हात वर केले की रॉड सात-साडेसात फुटांवर जातो, मोठी प्लेट त्याच्याही वर. आमच्या वाड्यात तुळई आहे आणि खाली पंखा. भावाने पहिल्याच दिवशी पंख्याचं एक पातं वाकवलं, आता तो अंगणात करतो आणि शेजारच्या आजी कठड्यावर बसून रेप मोजतात. त्या एक जरी कमी झालं तरी सोडत नाहीत.

बाकरवडी_बिनसाखर
मला त्या आजी हव्यात :)

भोसरी_लेथवाला
लोखंडप्रेमींनी अर्ध्या किलोच्या प्लेटचं लिहिलं, त्यात माझी भर. माझं भोसरीत लेथचं वर्कशॉप आहे. बाजारात बारीक प्लेट मिळतात, पण वजन छापलेलं एक आणि काट्यावर भरलेलं दुसरं, असं होतं. प्रेसला पन्नास-शंभर ग्रॅमही महत्त्वाचे असतील तर करून घेतलेल्या चकत्या बऱ्या.

हिशोब सोपा आहे. साध्या पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. दहा मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या. मोठ्या रॉडची स्लीव्ह (प्लेट बसते ते टोक) ५० मिमी असते, म्हणून भोक ५१ चं. बाहेरचा व्यास १०३.५ मिमी ठेवला की चकती बरोबर अर्धा किलो भरते. कडा मारून घ्या, नाहीतर हाताला लागेल. काळा रंग दिला की गंजत नाही. पाव किलोची हवी असेल तर व्यास तोच आणि जाडी पाच मिमी.

कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे कागदावर लिहून दाखवलंत तर तासाभराचं काम. प्लाझ्मा कटरवर कापून आणलेल्या चकत्या दिल्यात तर त्याहून कमी.

लोखंडप्रेमी
धाग्यातला सर्वात उपयोगी प्रतिसाद. दोन जोड्या माझ्या धरा.

हिंजवडी_फेज_तीन
छान चाललंय, पण मूळ प्रश्न मागे पडला. लहान प्लेट मिळाल्या, फॉर्म सुधारला, तरी कधीतरी पुन्हा अडणारच. तेव्हा काय करायचं? मी स्वतः पन्नास किलोवर आहे आणि काही केल्या पुढे जात नाही.

जुना_लिफ्टर
बरोबर आठवण केलीत. अडल्यावर पहिली गोष्ट, तेच वजन तसंच पुन्हा पुन्हा ढकलत राहू नका. दहा टक्के खाली या आणि परत चढा, तुमच्या बाबतीत पंचेचाळीसपासून. दुसरी, प्रेस आठवड्यातून एकदा करत असाल तर दोनदा करा. एक दिवस जड, तीन-तीन रेपचे पाच-सहा सेट. दुसऱ्या दिवशी हलकं, आठ-आठचे तीन, प्रत्येक रेप खाली खांद्यावर थांबवून. प्रेस वारंवार केल्याने सुधारतो. लहान स्नायू आहेत, सावरतातही लवकर.

तिसरी, सेटच्या मधे पूर्ण तीन मिनिटं थांबा. मागे उभा असलेला "किती सेट राहिले?" म्हणून दोनदा विचारेल, त्याला गोड बोलून थांबवा. दीड मिनिटात परत रॉड धरला तर रेप कमी होतात आणि माणसाला वाटतं ताकद घटली.

आणि वरच्या निम्म्या भागात अडत असेल तर हलक्या दिवशी पुश प्रेस घाला. गुडघे जरासे वाकवून पायांनी धक्का द्यायचा, त्यामुळे तुमच्या प्रेसपेक्षा जड वजन डोक्यावर जातं. ते सावकाश, मोजून तीन सेकंदांत खाली आणा. वर पेलायची आणि उतरवायची सवय होते. पाठीसाठी पुलअप किंवा रोइंग तितक्याच सेटचं करा, नाहीतर पुढचा खांदा भारी आणि मागचा रिकामा अशी अवस्था होते.

अण्णा_शनिवारपेठ
आणि शेवटी करेल.

जुना_लिफ्टर
आणि शेवटी करेल, अण्णा.

कर्वेनगरची
मधे लिहायला जमलं नाही, पण सगळं वाचत होते. सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

भिंतीची परीक्षा केली. अंगठे भिंतीपासून चार बोटं लांब असतानाच कंबर सुटते. त्यामुळे रोज टॉवेलची गुंडाळी आणि भिंतीवर हात सरकवणं सुरू केलं आहे. पकड दोन बोटं आत घेतली आणि मनगट सरळ ठेवलं, त्याने साडेबावीस एकदम हलकं वाटायला लागलं. सर्वात मोठा फरक डोकं पुढे आणण्याने पडला. रॉड कपाळाजवळ आला की मी घाबरून मागे राहत होते हे व्हिडिओत स्वच्छ दिसलं. आता साडेतेवीसचे पाच-पाचचे तीन सेट होतात, अर्ध्या किलोच्या चकत्या लावून. ट्रेनरांनी बघितलं, काही बोलले नाहीत, पण परवा दुसऱ्या एका मुलीला त्यांनी रिकामा रॉड दिला.

@जुना_लिफ्टर, आता थेट साडेचोवीस करू की मधे आणखी लहान पायरी घेऊ? आणि @भोसरी_लेथवाला, आमच्या जिममध्ये संध्याकाळी मोठा रॉड मिळत नाही, बारीक रॉड असतो. त्याला या चकत्या ढिल्या बसतात आणि खडखडतात.

जुना_लिफ्टर
तिसऱ्या सेटचं पाचवं रेप पहिल्या सेटच्या वेगाने जात असेल तर साडेचोवीस करा. ते रखडत असेल तर चोवीस. आणि तुमच्या जिममध्ये बायकांचा १५ किलोचा रॉड आणायला सांगा. २५ मिमी जाडी असते, लहान हाताला पकड फार चांगली बसते, आणि नव्या मुलींना वीसऐवजी पंधरापासून सुरुवात करता येते.

बाकरवडी_बिनसाखर
पंधराचा रॉड असतो?! हे मला कोणी आधी का नाही सांगितलं. उद्याच विचारते.

भोसरी_लेथवाला
ताई, बारीक रॉडची जाडी आधी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजून घ्या, जिमजिमला वेगळी असते. २८-२९ मिमी असेल तर भोक ३० चं आणि बाहेरचा व्यास ९५ मिमी, जाडी तीच दहा. अर्धा किलो भरेल. रॉडचं माप व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा, शनिवारी लेथ मोकळा आहे, लोखंडप्रेमींच्या जोड्यांबरोबर तुमचीही काढतो.